खिडकीतलं संमेलन

दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ असं कधी म्हणू नये, थेट ‘मी’ म्हणावं. हा धडा मला माझ्या मामांनी दिला. मामा हैदराबादेत निजामाच्या अमलात अदालतीत मुतर्जिम होते, म्हणजे भाषांतरकार. मी त्यांच्याकडे शिकायला होते. ते सांगत, “सुमती, समोरचा म्हणाला ‘मी मारलं’, तर तू म्हणायचं ‘मी मारलं’. ‘तो म्हणतो की त्यानं मारलं’ असं घोळत बसलीस तर साक्ष त्याची राहत नाही, तुझी होते.” शिवाय पुरुष बोलत असेल तर बाईनंही ‘मी गेलो, मी आलो’ असंच सांगायचं. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हसू येतं. थोड्या वेळानं तो बाईला विसरतो आणि बोलणाऱ्याचं ऐकू लागतो. काम जमलं ते तेव्हा.

तसा माझा पेशा शिक्षिकेचा. धाराशिवच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. पण संस्थान विलीन झालं, कचेरीतली उर्दू हळूहळू गेली, मराठी आली, आणि जुन्या-नव्याच्या मध्ये उभं राहायला माणसं हवी झाली. उर्दू आणि इंग्रजी मला शाळेनं दिली होती, कानडी आजोळानं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही कुणी ना कुणी दारात असे. “बाई, जरा मुन्सफांच्या कोर्टात चलता का?”

नळदुर्गकडची एक बाई आठवते. बांधाचा वाद होता. ती शांत असली की मराठी बोले, रडू आलं की कानडी, आणि संतापली की दखनी उर्दू. मी तिच्या मागं या भाषेतून त्या भाषेत नुसती पळत होते. शेवटी मुन्सफांकडे हात करून ती कडाडली, “इस साब कू कुछ समजताइच नै!” मी तोंड उघडणार, तोच मुन्सफ मान खाली घालून म्हणाले, “बाई, याचं भाषांतर राहू द्या.” दखनी त्यांना माझ्याइतकीच येत होती.

असे प्रसंग पुष्कळ. पण मला कुणी विचारलं की तुमच्या कामातला सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर मी कोर्टाचं नाव घेत नाही. मी विद्यार्थी संमेलनाचं घेते.

महाराष्ट्र राज्य नवं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीचा बसवराज पुण्याला शेतकी शिकत होता. त्याला आम्ही सगळे बसू म्हणायचो. सडपातळ, चष्मेवाला, आणि एकदा डोक्यात घेतलं की न सोडणारा. त्याच्या वसतिगृहात आफ्रिका-आशियातले काही विद्यार्थी राहायचे. गप्पा मारता मारता याच्या डोक्यात आलं की गरीब देश, श्रीमंत देश, विकास आणि जगातला न्याय यावर विद्यार्थ्यांचं एक संमेलन भरवायचं, आणि तेही पुण्या-मुंबईत न भरवता धाराशिवला. लोकांनी वेड्यात काढलं. त्यानं सायकलीवर तालुके पालथे घातले, आमच्या शहरातल्या मुलांच्या शाळेचा हॉल मिळवला, मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून प्रतिनिधी जमवले. अध्यक्ष म्हणून अर्थशास्त्राचे एक मोठे प्राध्यापक अग्निहोत्री यांना गळ घातली. ते आले म्हणूनच बाकीचे आले, असं बसू स्वतःच सांगे.

मला त्यात दिलेलं काम म्हणजे मुली-प्रतिनिधींच्या राहण्या-जेवणाकडे पाहणं. बोलण्याचा माझा काही संबंध नव्हता.

पहिल्या सकाळी हॉल खच्चून भरला. खरं सांगायचं तर बरेच लोक आफ्रिकेतली माणसं पाहायला आले होते. पण पुष्कळजण ऐकायलाही आले होते. आमच्या जिल्ह्यातली शिकणारी मुलं, मास्तर, ग्रामसेवक, आणि बसूचे वडील शिवलिंगआप्पा. आप्पा म्हणजे वाशीकडचे मोठे भुईमूगवाले. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात लिंग, आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. प्रतिनिधींसाठी ते गाडीभर ओल्या शेंगा घेऊन आले होते. पोरगा एवढं काय करतोय ते त्यांना एकदा बघायचं होतं. “न्यायाची परिषद म्हन्तेत,” मला दारातच म्हणाले, “मला वाटलं कुनाचा तरी दावा चालायचाय.”

अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की कामकाज इंग्रजीत चालेल. ज्यांना इंग्रजी बोलता येत नाही त्यांनी निरीक्षक म्हणून बसावं. ‘निरीक्षक’ हा शब्द ऐकायला मोठा, अर्थ एवढाच की गप्प बसा. आमच्या जिल्ह्याची जवळजवळ सगळी मुलं निरीक्षक झाली. बसू मंचाच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा उतरला. त्याला इंग्रजी वाचता येई, बोलताना मात्र तो अडखळत असे. म्हणजे ज्यानं संमेलन भरवलं तोही निरीक्षकच.

भाषणं सुरू झाली. मागच्या बाकांवर चुळबुळ. माझ्या शेजारी माकणीची पद्मिनी बसली होती, अध्यापिका विद्यालयात शिकणारी. ती कुजबुजली, “बाई, काय म्हणतायत?”

मी हळूच सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुलींनी माना वळवल्या. मग त्यांच्या पुढच्या. कुणी उठून माझ्या मागं येऊन उभं राहिलं. आप्पा तर बाक ओढूनच जवळ आले. माझा आवाज किती चढला ते मलाच कळलं नाही. शिक्षिकेचा घसा तो, शेवटच्या बाकापर्यंत जायची त्याला सवय.

अध्यक्ष थांबले. चष्म्यावरून मागं पाहत त्यांनी इंग्रजीत एक वाक्य टाकलं.

“काय म्हनले साहेब?” आप्पांनी विचारलं, अर्थातच सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि माझी सवय मला नडली. किंवा उपयोगी पडली म्हणा. मामांनी शिकवल्याबरहुकूम मी खणखणीत सांगितलं, “मी म्हणतो, मागच्या बाईंनी गप्प बसावं, नाहीतर बाहेर जावं.”

हॉलभर हशा उसळला. अध्यक्ष लाल झाले. मी तर जमिनीत जायच्या बेतात होते. पण आप्पा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, “मग चला की भाईर! बाहेर बसून ऐकू.”

ते निघाले. मी निघाले, कारण मला सांगितलंच तसं होतं. पद्मिनी निघाली. आणि आमच्या मागं बाकं सरकल्याचा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. वळून पाहिलं तर मागचा अर्धा हॉल उठून येत होता.

शाळेला लांब व्हरांडा होता आणि हॉलच्या खिडक्या त्यात उघडत. गजांच्या, मोठ्या, कवाडं सताड उघडी. मंचाजवळच्या खिडकीशी मी उभी राहिले. कान आत, तोंड बाहेर. आत जे बोललं जाई ते मी व्हरांड्यात सांगायचे. लोक मांडी घालून बसले, काही मैदानात उभे. बाहेर जाऊन मी आज्ञाच पाळली होती, तेव्हा कुणाला काही म्हणता येईना.

त्यानंतर बोलायला उठला घानाचा विद्यार्थी, क्वेसी. बसूचा खोलीतला सोबती. उंच, रुंद खांद्यांचा, बोलणं सावकाश. त्यानं मोकळ्या बाकांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि सरळ चालत खिडकीजवळ आला. अध्यक्षांनी त्याला मधे उभं राहायला सांगितलं. तो अदबीनं म्हणाला, “सर, माझं ऐकणारी बरीच माणसं इकडे आहेत.” आणि दोन वाक्यं बोलून थांबला. माझ्यासाठी थांबला. दुभाष्याची कदर कशी करावी हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मी सांगू लागले, “माझे वडील कोकोची लागवड करतात. कोको म्हणजे झाडाच्या खोडाला लागणारं एक फळ. त्याच्या बियांपासून चॉकलेट होतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कोको पिकवला, पण चॉकलेट कधी चाखलेलं नाही.”

“बाई,” आप्पा मधेच म्हणाले, “तुमचे वडील तर तहसिलीत कारकून व्हते की! ह्ये रान कवा घेतलं?”

सगळे हसले. मी क्वेसीला त्याचा अर्थ सांगितला. तो गजांना धरून इतका हसला की आतली मुलंही काय झालं ते पाहायला खिडकीशी आली.

मग आप्पांनी खरंच विचारलं. “त्यांच्या मालाचा भाव कोन ठरवतंय, इचारा.”

क्वेसी म्हणाला आणि मी म्हणाले, “ते माझ्या वडिलांना ठाऊक नाही. ज्या शहरात भाव ठरतो ते शहर त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही.”

आप्पा मांडी बदलून म्हणाले, “आमचं बी तसंच. शेंगा घिऊन आडतीला जावं तर आडत्या म्हनतो मुंबईहून तार आली, भाव उतरला. मंग ह्यांना इचारा, मुंबईला कुनाची तार येती?”

मी विचारलं. क्वेसीनं थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. आत हशा पिकला. बाहेरचे सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हणाले, “बहुतेक माझ्या वडिलांना जिथून येते, तिथूनच.”

मग व्हरांडा हसला. एकाच बोलण्यावर आधी आत आणि मग बाहेर हसण्याची लाट येते, हे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ज्याला नुसतं पाहायला लोक आले होते, तो पाहुणा आता आपल्यातला वाटायला लागला होता.

जेवणाच्या सुट्टीत बसू धावत आला. “बाई, घोटाळा झालाय. सर म्हणतायत, भाषांतर चालणार असेल तर मी दुपारच्या मोटारीनं परत जातो.”

“मग?”

“ते गेले तर सोलापूरवाले जातील. मग संमेलनाच्या ठरावाला कोण विचारणार? आणि आप्पांसमोर माझं...”

संमेलन चालवणारी विद्यार्थ्यांची समिती बसली होती. मी त्यांना म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, तोवर मी सरांशी बोलून येते. अग्निहोत्री सर मुख्याध्यापकांच्या खोलीत एकटेच बसले होते. चहा निवत होता. मला वाटलं होतं ते चिडतील. ते थकलेले दिसले.

“बाई, मी तुमचा अपमान केला असं वाटत असेल तर माफी मागतो. पण माझं ऐका. मी खेड्यातला माणूस. इंग्रजी आली म्हणून माझं म्हणणं कुणीतरी ऐकलं. या मुलांना मला जगासमोर उभं करायचंय. असं खिडकीतून, हशा पिकवत संमेलन चाललं तर जग आपल्याला हसेल.”

त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी शिडी चढून पाहिली होती, आणि तीच एक शिडी त्यांना ठाऊक होती. मी एवढंच म्हटलं, “सर, जगाला हसायचं असेल तर ते काय हसतंय हे आमच्या लोकांना कळू तरी द्या.”

तेवढ्यात बसू दारात आला. समितीनं हात वर करून ठरवलं होतं की प्रत्येक भाषणाचं भाषांतर व्हावं, इंग्रजीचं मराठीत आणि मराठीचं इंग्रजीत, आणि बाईंनी मंचावर उभं राहावं. बसूनं ते मराठीत, नीट, न अडखळता सांगितलं. “सर, तुम्ही गेलात तर आम्हाला लई वाईट वाटेल. पण समितीचा निर्णय बदलणार नाही.”

सरांनी चहाचा कप उचलला, गार चहा संपवला आणि म्हणाले, “चला, उशीर होतोय.” मोटार गेली. सर राहिले.

त्या दुपारपासून मी मंचावर होते. व्हरांड्यातले लोक आत आले, आणि जागा न पुरल्यानं व्हरांडाही भरलेलाच राहिला. आता कसोटी वेगळीच होती. खिडकीत मी सुटी होते, इथं प्रत्येक शब्दाला साक्षीदार. पहिलीच अडचण ‘जस्टिस’ची. ‘न्याय’ म्हटलं की आप्पांसारख्यांना कोर्ट दिसे. मी एकदा ‘इन्साफ’ म्हणून पाहिलं आणि म्हाताऱ्या माना डोलल्या. निजामाचं राज्य गेलं होतं, पण तो शब्द आमच्या लोकांनी ठेवून घेतला होता. त्यानंतर शेवटपर्यंत मी इन्साफच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ठराव आला. त्याचा मसुदा सोलापूरच्या मुलांनी केला होता. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना उदारपणे मदत करावी, असा त्याचा गाभा. मी तो मराठीत सांगितला आणि पद्मिनीनं हात वर केला.

ती मंचावर आली. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. मी हळूच म्हटलं, “शेवटच्या बाकाला सांग.”

“मदत नको,” ती मोठ्यानं म्हणाली. “मदत मागितली की देणारा वर आणि आपण खाली. काल क्वेसीभाऊंचं ऐकलं. त्यांच्या वडिलांना मदत नको आहे, रास्त भाव हवाय. ठरावात तेच लिहा. आणि आणखी एक लिहा. माझी आई शेंगा तोडायला जाते. शेजारच्या ओळीची पात धरून बाप्या असतो. दोघांचं टोपलं सारखंच भरतं, पण आईला मजुरी कमी. का, तर ती बाई. देशादेशांत इन्साफ मागायचा तर तो आधी आपल्या रानातून सुरू करा.”

हे मी इंग्रजीत सांगितलं. नियमाप्रमाणे ‘मी’ म्हणून सांगितलं. ‘माझी आई शेंगा तोडायला जाते.’ माझी आई कधी रानात गेली नव्हती. पण अनोळखी माणसांच्या वतीनं ‘मी’ म्हणण्यात इतकी वर्षं घालवल्यावर, त्या दिवशी ते ‘मी’ उच्चारताना माझ्या अंगावर काटा आला. दुभाष्यानं आपलं मत गिळायचं असतं. त्या दिवशी गिळायची वेळच आली नाही, माझंच म्हणणं ती बोलत होती.

सोलापूरचा एक प्रतिनिधी उठला. “आंतरराष्ट्रीय ठरावात शेंगा तोडणाऱ्या बायकांचं काय काम?”

पद्मिनीनं उत्तर द्यायच्या आधी क्वेसी उठला. “आमच्याकडे कोको फोडून वाळवायचं काम बायकाच करतात,” तो म्हणाला. “भावाचा प्रश्न मी मांडला. त्यांचा नाही मांडला, कारण मला तो सुचलाच नाही. या ताईंचं वाक्य आलं नाही तर माझाही प्रश्न अर्धाच राहील.”

मग वाद झाला, आणि असा झाला की मला घोटभर पाणी प्यायला फुरसत नाही. आमची कालची निरीक्षक मुलं एकामागून एक उठत होती. कुणी कळंबचा, कुणी उमरग्याचा. लाजत सुरुवात करायची आणि मग थांबायचंच नाही. बसू तर असा बोलला की आप्पा शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत राहिले.

शेवटी अग्निहोत्री सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मसुदा पुढ्यात ओढला, पेन काढलं. ‘मदत’ खोडून ‘रास्त भाव आणि बरोबरीचा व्यवहार’ लिहिलं. खाली आणखी एक वाक्य लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. पद्मिनीचंच म्हणणं होतं, पण अशा नेटक्या, धारदार इंग्रजीत की ते मला आयुष्यात जमलं नसतं. “बाई,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बरोबर आलंय का ते मुलीला विचारा.”

मी विचारलं. पद्मिनी म्हणाली, “व्हय. बरोबर आलंय.” गडबडीत तिच्या तोंडून गावचं ‘व्हय’ निघालं आणि तिनं जीभ चावली. सर मात्र मनापासून हसले. “याला भाषांतर नको. व्हय म्हणजे व्हय.”

मतदान झालं. हातच हात वर आले. खिडक्यांच्या गजांतूनही आले, लुगड्यातले, बाराबंदीतले, बांगड्यांचे, काष्ठासारखे टणक झालेले. मोजणाऱ्या मुलानं गोंधळून अध्यक्षांकडे पाहिलं.

“खिडकीतले हात मोजायचे नाहीत, ते प्रतिनिधी नाहीत,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “पण ठराव बहुमतानं नव्हे, खिडक्यांसह मंजूर झाला, असं इतिवृत्तात लिहा.” त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

तो ठराव दिल्लीला गेला, परदेशातही गेला म्हणतात. उत्तर काही आलं नाही, याची मला थोडी खंत आहे. जगाचं पुढं काय झालं ते तुम्ही पाहताच आहात. पण पुढच्या सुगीत वाशीला आप्पांनी शेंगा तोडायला बाया आणि बाप्ये दोघांना एकच मजुरी लावली. भावकी म्हणाली, आप्पाला परिषदेचं वारं लागलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मजुरी तशीच ठेवली. पद्मिनी पुढं मुख्याध्यापिका झाली. तिच्या शाळेत मी एकदा पाहुणी म्हणून गेले होते, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलगीही मला तोंड वर करून प्रश्न विचारत होती.

पण मला सांगायचंय ते संमेलनानंतरच्या सकाळचं. पाहुण्यांना पोचवायला आम्ही मोटारीनं येडशीला गेलो. तिथून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, मग पुणे. गाडीला उशीर होता. मुली गाणी म्हणत होत्या, सर बसूला पुढच्या संमेलनाबद्दल काहीतरी समजावत होते. आप्पा क्वेसीला द्यायला शेंगांचं पोतं घेऊन आले होते, आणि ते दोघं फलाटाच्या टोकाला एका बाकावर बसले होते.

त्यांना माझी गरज लागेल म्हणून मी लगबगीनं गेले. पाहते तो क्वेसीनं एक शेंग फोडली होती आणि तो जमिनीकडे बोट करून हात खाली-वर करत होता. त्याच्याकडेही भुईमूग होतो, हे आप्पांना उमगलं होतं. आप्पांनी काठीनं मातीत सरी काढून दाखवली. क्वेसीनं मान हलवली आणि बोटानं त्याच्याकडची सरी काढली, वेगळी, उंचवट्याची. त्यानं आपल्या भाषेत शेंगेला काय म्हणतात ते सांगितलं. आप्पांनी ते म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. मग त्यांनी ‘शेंग’ म्हटलं आणि क्वेसीनं ते म्हटलं, ‘ग’ जरा जड करून.

“आप्पा, काय विचारू त्यांना?” मी म्हटलं.

आप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “बाई, तुमी बसा जरा. आमचं चाललंय.”

मी एका वळकटीवर टेकले. दोन दिवस बोलून माझा घसा बसला होता. लांबून गाडीची शिट्टी आली, फलाटावर धावपळ सुरू झाली, आणि ते दोघं अजून मातीत सऱ्या काढत होते.